भिंतीतले बा काशीशी

आधीच सांगते, चांगलं इंग्रजी येणारा माणूस वस्तीत एकच असावा आणि तोही मुका असावा. आमच्या कान्तुम्बीत असा एकच आहे, पण मुका नाही, हीच तर रड आहे. कापासा त्याचं नाव. आमच्यात मानाच्या माणसाच्या नावाआधी ‘बा’ लावतात, आणि याला ते लावलं नाही तर हा ओ देत नाही. म्हणून बा कापासा. खाणीच्या कचेरीत बावीस वर्षं कारकुनी केली, आता दवाखान्याच्या समितीचा अध्यक्ष आहे. ऊन असो, पाऊस असो, गळ्यातला टाय काही सुटत नाही. या माणसानं एक शब्द उच्चारला आणि माझ्या लेकीनं उभी केलेली भिंत पडायची वेळ आली.

लेक म्हणजे न्कान्दू. तशी ती माझ्या धाकट्या बहिणीची, चिबेसाची. पण आमच्यात बहिणीची मुलगी ती आपलीच मुलगी, त्याला वेगळा शब्दच नाही. चिबेसा गेली तेव्हा न्कान्दू चार वर्षांची होती. मी तिला उचलून घरी आणली, माझ्या साम्पाबरोबर वाढवली, आणि पोरगी शिकत शिकत थेट विद्यापीठात जाऊन पोचली. चिबेसा कशानं गेली म्हणून लोकांनी विचारलं तेव्हा आम्ही खोकल्यानं म्हणून सांगितलं. खरं काय ते पुढं येईलच.

तर गेल्या वर्षी ही न्कान्दू तीन ड्रम, एक पेटी आणि एक लांबलचक बेत घेऊन परत आली. आमच्या उशाशी खाणीचा डोंगर आहे. खाणवाले तांबं काढून घेतात आणि उरलेली राखाडी रेती इथं ओतून जातात. ऑगस्टचा वारा सुटला की ती रेती धुतल्या कपड्यांवर, पोरांच्या डोळ्यांत, ताटातल्या मक्याच्या न्शिमावर. निम्मी खाण तर मीच खाल्ली असेन. न्कान्दू म्हणाली, “मायो,” आमच्यात आईला असंच म्हणतात, “या रेतीच्या विटा करायच्या आणि दवाखान्यात बायकांना बसायला खोली बांधायची.”

खोली हवीच होती. आमच्या दवाखान्यात पोटुशी बाई सकाळी सहाला येते आणि आंब्याखाली बसून राहते. पावसात भिजते, उन्हात भाजते, आणि हंगामात वरून डोक्यात आंबे पडतात ते वेगळंच.

“विटा भाजणार कशावर?” मी विचारलं. “कोळशासाठी आता झाडं तरी कुठं उरलीत?”

“भाजायच्याच नाहीत. बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते रेतीत सोडायचे. वेल्डिंगचा गॅस करणारा कारखाना तो पांढरा चुन्याचा गाळ नाल्यात फेकतो ना, तो त्यांना द्यायचा. आणि खायला मूत.”

“काय?”

“मूत, मायो. माणसाचं. ते मूत फोडतात, चुन्याशी जुळवतात, आणि रेतीच्या दोन कणांमध्ये दगड तयार होतो. आठवड्यात वीट घट्ट.”

“म्हणजे मुतावर जगतात आणि दगड हगतात?”

न्कान्दूनं जरा विचार केला. “जवळजवळ,” म्हणाली.

मूत कुठून आणायचं हा काही प्रश्न नव्हता. बस थांब्याजवळच्या गुत्त्यात पुरुष मंडळी सकाळपासून शेक-शेक पीत बसलेली असतात. ती बिअर एका बाजूनं आत गेली की दुसऱ्या बाजूनं बाहेर यायला फार वेळ लागत नाही. न्कान्दूनं गुत्त्यामागं पिवळे कॅन ठेवले, वर नरसाळी. ज्यांनी जन्मात वस्तीसाठी काडी इकडची तिकडं केली नाही, ते आता छाती काढून उठायचे आणि म्हणायचे, “चला, दवाखान्याला हातभार लावून येतो.” एकानं तर बायकोला सांगितलं, मी पितो तो समाजासाठी पितो.

भिंत बांधायला गवंडी होता गाउसी. हा जमातीनं न्गोनी आणि आम्ही बेम्बा. आमचे पणजोबा एकमेकांना भाल्यांनी भोसकत होते. मग दोन्ही बाजू दमल्या आणि ठरलं की आता भोसकायचं ते फक्त जिभेनं. त्याला, आणि त्यातल्या जोडीदारालाही, आम्ही चिंबुया म्हणतो. न्गोनीनं बेम्बाला काहीही बोलावं, हातातली वस्तू काढून घ्यावी, मयताच्या घरी येऊन मयताची नक्कल करावी, बेम्बानं रागवायचं नाही. उलटही तसंच. जो रागावला तो हरला आणि वर त्याची शोभा होते ती निराळी.

मी मुन्कोयो करते. मक्याची पातळ पेज करायची, त्यात मुन्कोयोची ठेचलेली मुळं घालायची आणि झाकून ठेवायची, की गोड आंबट पेय तयार. सव्वीस वर्षं करतेय. माझ्या मुन्कोयोसाठी लोक तीन वस्त्या ओलांडून येतात, हे मी नाही, लोक म्हणतात. म्हणून न्कान्दूनं मला गळ घातली, “मायो, जिवांचा मोठा ड्रम तू सांभाळ. आंबवण्यातलं तुझ्याइतकं इथं कुणाला कळतंय?” कुणी असं म्हटलं की मी विरघळतेच. रोज सकाळी त्यांना चारायचं, ढवळायचं आणि गारठ्यात जपायचं. जूनमध्ये आमचा हिवाळा सुरू झाला तेव्हा मी माझं जुनं नेसायचं चितेंगे, ज्यात पोरांना पाठीला बांधलं होतं, ते ड्रमभोवती गुंडाळलं.

गाउसीनं ते पाहिलं आणि थापी खाली ठेवली. साम्पाची आई म्हणून मला सगळे बाना साम्पा म्हणतात. “अगं बाना साम्पा, या वयात? बाप कोण?”

“तुमच्यापैकी कुणी नाही, एवढं नक्की,” मी म्हटलं. “वास घेऊन बघ, उंदराचा येत नाही.” न्गोनी उंदीर खातात. निदान आम्ही तरी तसं म्हणतो.

“वास!” तो नाक धरून म्हणाला. “बाई, या वासानं उंदीर सोडून गेले. आता आम्ही खायचं काय?”

वास मात्र होता, खोटं कशाला बोलू. डोळ्यांतून पाणी काढणारा. पण विटा झाल्या! राखाडी, गुळगुळीत, टिचकी मारली की खण्ण वाजणाऱ्या. न्कान्दूनं शहरातून त्या तपासून आणल्या, भिंतीला आणि माणसाला दोघांनाही चालतील असा कागद आणला. बघता बघता चारी भिंती माझ्या खांद्याला लागल्या.

त्याच दिवसांत एकदा ती पेटी उघडून सूक्ष्मदर्शक घेऊन बसली होती. मला म्हणाली, “बघ.” मी एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. याबा! नुसती वळवळ! काड्या, ठिपके, माळा, सगळी जत्रा चाललेली.

“हे तुझे ड्रममधले?”

“नाही,” ती हसत म्हणाली. “हे तुझे. तुझ्या मुन्कोयोचा थेंब आहे तो. हेच तर तुझं मुन्कोयो आंबवतात.”

मी आधी दार लावलं, मग तिचं तोंड दाबलं आणि तिला शपथ घातली. “यातलं अक्षर बाहेर गेलं तर तू माझी नाहीस. सव्वीस वर्षांचं नाव आहे माझं. वळवळ पितोय म्हटल्यावर कोण फिरकेल माझ्याकडं?” तिनं शपथ घेतली, आणि बिचारीनं ती पाळली.

मग आली सभा, नव्या भिंतींशेजारी आंब्याखाली. विटांसाठी मदत देणाऱ्या शहरातल्या कचेरीतली बाई पाहणीला आली होती. तिला आमची बेम्बा भाषा येत नव्हती, म्हणून न्कान्दू इंग्रजीत बोलली. आणि आमच्यासाठी बेम्बात सांगायला कोण उठलं? टाय सरळ करत बा कापासा. न्कान्दूला स्वतःची भाषा येते, तिला सांगू द्या, असं मी म्हणणार होते. पण हा माणूस अशा संधीची बावीस वर्षं वाट बघत होता.

रेती, चुना, मूत इथवर ठीक चाललं. मग त्या बारीक जिवांचं इंग्रजी नाव आलं. बा कापासा थांबला. छताकडे बघितलं, म्हणजे छत असतं तिथं बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “या विटांमध्ये काशीशी आहेत. कोट्यवधी काशीशी. आणि सगळे जिवंत!”

तसं बघायला गेलं तर चूक नव्हती. काशीशी म्हणजे बारीक किडा, जंतू. पण गेली तीस वर्षं आमच्याकडं हा शब्द किड्याला कुणी वापरत नाही. काशीशी म्हणजे तो. एकच. रक्तातला. ज्यानं आमच्या वयाची निम्मी माणसं नेली, ज्या काळात दर शनिवारी मयत असायचं आणि शवपेट्या करणाऱ्या सुताराला जेवायला सवड नसायची. आता गोळ्या आहेत. गोळ्या घेणारी माणसं धडधाकट आहेत, नातवंडं खेळवतात. माणसं जगली, पण शब्दाची भीती काही गेली नाही. माझ्या चिबेसाला त्यानंच नेलं. आम्ही खोकला म्हटलं. सगळ्यांनीच खोकला म्हटलं. तुम्हाला वाटेल आमची वस्ती नुसती खोकत होती.

भिंतीला टेकून उभी असलेली बाई चटका बसल्यासारखी दूर झाली. कुणी पोर उचललं, कुणी पिशवी, आणि पाच मिनिटांत आंब्याखाली कुणी उरलं नाही. शहरातली बाई विचारते, “काय झालं? काय झालं?” बा कापासा म्हणतो, “मी अचूक सांगितलं.”

संध्याकाळपर्यंत गोष्टीला पाय फुटले. त्या खोलीत बसलं की रक्ताच्या तपासणीत खूण उमटते. विटेला हात लावला की दुधातून पोराला जातं. गुत्त्यात तर एकेकजण मांड्या आवळून बसला. कॅन कोरडे. “माझं मूत माझ्यापाशी,” म्हणे. समाजसेवा संपली.

शहरातली बाई जाताना म्हणाली, पुढच्या शुक्रवारी परत येईन. बायका खोलीत बसलेल्या दिसल्या आणि समितीनं सही दिली तर उरलेलं काम आणि पत्रे मिळतील. नाही तर भिंती उतरवून विटा आणि ड्रम दुसऱ्या गावाला. न्कान्दू दारोदार फिरली. हा तो नव्हे, याला माणसाच्या रक्तात जगताच येत नाही, सांगून सांगून तिचा घसा बसला. लोक दारातून म्हणायचे, हो ना पोरी, आणि दार लावायचे.

आणि मी? सांगते. लाज वाटते, पण सांगते. मी चार दिवस ड्रमकडं फिरकले नाही. मला माहीत होतं ते निराळे आहेत. मीच त्यांना माझं चितेंगे पांघरलं होतं. पण तो शब्द ऐकल्यापासून माझा हात पुढं जाईना. हात पुढं केला की चिबेसाचं मनगट दिसायचं, शेवटचं, काडीसारखं.

न्कान्दू अंगणात आली. रिकामा कॅन खाली ठेवला. “मायो, तू पण?”

मी मुळं ठेचत राहिले.

“मला आईचा चेहरा आठवत नाही,” ती म्हणाली. “तो शब्द आठवतो. सगळे दाराआड कुजबुजत बोलायचे तो. मला वाटायचं, मोठी झाले की त्याला पकडायचं आणि डोळ्यांनी बघायचं, केवढासा आहे तो. म्हणून शिकले मी हे. भ्यायला नाही.”

ती आत गेली, आणि मी उठून ड्रम उघडला. वास आला नेहमीचा, डोळ्यांतून पाणी काढणारा, आणि त्या दिवशी तो बराच उपयोगी पडला. गुत्ता संपावर होता, तेव्हा चारा कुठून आणला हे जास्त विचारू नका. मी होते आणि गाउसी होता. तो म्हणाला, “एका न्गोनीचं तीन बेम्बांच्या बरोबरीचं असतं.” मी म्हटलं, “वासाला.”

शुक्रवार उजाडला. शहरातली बाई आली. सगळी वस्ती आली, पण आंब्याखाली. खोलीत एकटी न्कान्दू, भिंतीला हात लावून उभी. बा कापासाच्या एका हातात सहीचा कागद आणि दुसऱ्या हातात माझ्या मुन्कोयोचा कप, कारण ऊन रणरणत होतं आणि मी बादली आणली होती. सगळ्यांच्याच हातांत कप होते. मरणाला भितात, पण तहान कुणाला सोडते?

गाउसी विटांच्या ढिगावर चढला. “बेम्बांनो!” तो ओरडला. “माकडखाऊंनो! माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याचं कालवण करता, आणि एका विटेला भिता? विटेला तर शेपूटही नसते!”

लोक हसले. हसावंच लागतं.

“मिस्टर गाउसी, हा औपचारिक प्रसंग आहे,” बा कापासा म्हणाला.

“रागावला का, चिंबुया?”

“छे! मी कुठं रागावलो?”

“मग हा आण इकडं.” गाउसीनं त्याचा टाय सोडवला आणि स्वतःच्या गळ्यात अडकवला. बा कापासाचा गळा आम्ही पहिल्यांदाच पाहिला. न्गोनीनं घेतलं ते मागायचं नसतं, त्यामुळं तो तसाच हसत उभा राहिला, दाढ दुखत असल्यासारखा.

मग गाउसी माझ्याकडं वळला. “आणि ही बाना साम्पा! हिच्या मुन्कोयोला तेवढं कुणी भीत नाही. अरे, ते आंबतं कशानं माहितीये? हिच्या काखेतल्या घामानं!”

सगळे खो खो हसले आणि माझ्याकडं बघायला लागले. आता माझी पाळी. माझ्या जिभेवर तयार होतं, उंदराच्या शेपटीचं, असं की गाउसी ढिगावरून पडला असता. तोंड उघडलं, आणि माझी नजर आत न्कान्दूवर गेली. सगळी वस्ती हसत होती, ती हसत नव्हती. कोरड्या डोळ्यांनी उभी होती, चार वर्षांची असताना मयताच्या घरी उभी होती तशीच. तिनं माझी शपथ पाळली होती. दारोदार घसा फोडला, पण माझ्या बादलीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर एका दिवसात सुटली असती.

“घामानं नाही,” मी म्हटलं. “काशीशीनं.”

हसू जागच्या जागी थिजलं.

“ऐकू आलं नाही का? माझ्या मुन्कोयोत काशीशी आहेत. कोट्यवधी. जिवंत. मी या डोळ्यांनी बघितलेत. सव्वीस वर्षं तुम्ही तेच पिताय, लग्नात, बारशाला, तापातून उठल्यावर. त्या भिंतीतले त्यांचेच भाऊबंद. ज्यानं माझ्या चिबेसाला नेलं तो वेगळा. हो, खोकला नव्हता तो. काशीशी होता. आता मी म्हटलं ना? म्हटलं! आणि जो हिच्या आईला घेऊन गेला तो आणि जे हिच्यासाठी राबतात ते, यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं माझा कप खाली ठेवावा.”

कुणी हललं नाही. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू बा कापासाकडं वळल्या, कारण त्याच्या तोंडात घोट होता. गाल फुगलेले. गिळावा की थुंकावा? आमच्यात बाईनं दिलेलं तिच्यासमोर थुंकणं म्हणजे तिच्या चुलीवर थुंकणं, आणि वर शहरातली बाई टक लावून बघत होती. टायही नव्हता, की जरा सरळ करावा. आख्खी वस्ती त्या एका गळ्याकडं बघत होती, आणि तो आता उघडा असल्यामुळं स्वच्छ दिसत होता.

गळा वर गेला, खाली आला. त्यानं गिळलं.

“आज,” घसा खाकरून तो म्हणाला, “जरा जास्त आंबट झालंय.”

मी बादली उचलली, थेट खोलीत नेली आणि न्कान्दूच्या पायाशी ठेवली. “ज्याला आणखी हवं त्यानं आत यावं. बाहेर आता थेंब मिळणार नाही.”

पहिली उठली म्हातारी बाना न्कोले. आमच्यात तिच्याहून वयानं मोठा फक्त तो आंबा. काठी टेकत आली, उंबऱ्याशी थांबली. कुणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरायची तिला सवय नाही. तिनं काठीनं भिंत ठोठावली. “ओडी! बा काशीशी, येऊ का आत?”

‘बा’ लावलं तिनं! मानाचं!

भिंतीमागून गाउसी बारीक चिरक्या आवाजात म्हणाला, “या आजीबाई, या! पण आधी मुतून या, आम्ही उपाशी आहोत!”

मग जे हसू फुटलं ते कुणाला आवरेना. म्हातारी बसली, तिच्यामागून तिची नातसून, मग पोटुशा, लेकुरवाळ्या, मग नुसत्याच तहानलेल्या. शहरातल्या बाईनं माणसं मोजली आणि दोनदा चुकली. बा कापासानं सही केली. तिनं विचारलं, ती म्हातारी काय म्हणाली? त्यानं मोठ्या रुबाबात इंग्रजीत सांगितलं, आणि यावेळी न्कान्दू त्याच्याशेजारीच उभी राहिली, लक्ष ठेवायला. टाय अजून गाउसीकडं आहे. त्यानं ओळंबा बांधलाय त्याला.

खरं सांगायचं तर त्यानंतर तीन दिवस माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. चौथ्या दिवशी गुत्त्यातला एकजण आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, “एक कप बा काशीशी द्या.” आता सगळे तेच मागतात. मुन्कोयो म्हटलं तर माझ्याच लक्षात यायला वेळ लागतो.

पत्रे चढले त्या दिवशी मी बादली घेऊन गेले होते. आत एक आई तिच्या छोटीला भिंतीसमोर घेऊन बसली होती. “बा काशीशींना नमस्कार कर,” म्हणाली. छोटीनं आम्ही मोठ्यांपुढं वाजवतो तशा दोन्ही हातांनी हळू टाळ्या वाजवल्या.

मी बादली खाली ठेवली आणि रडले. मोठ्यानं, गळा काढून, सगळ्यांसमोर. चिबेसाच्या वेळी असं रडता आलं नव्हतं. मोठ्यानं रडलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, खोकल्यानं गेलेल्यासाठी एवढं? न्कान्दूनं मला धरलं. माझ्या तोंडून बहिणीचं नाव आणि तो शब्द एकापाठोपाठ एक येत होते, आणि कुणी पोर उचलून पळालं नाही.

गाउसी पत्र्यावरून खाली वाकला. डोळे त्याचेही लाल होते. म्हणे, धूळ गेली. “रड बाना साम्पा, पोटभर रड,” तो म्हणाला. “पण ड्रमपासून जरा लांब. आसवांवर भागलं असतं त्यांचं, तर आम्ही गुत्त्याच्या पाया कशाला पडलो असतो?”